थरांच्या ऑक्साइडांमधील चुंबकत्व आणि अतिसंवाहकता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदव्युत्तर विद्यार्थी, महाविद्यालयीन शिक्षक आणि भौतिकशास्त्राची आवड असलेले वाचक यांच्याकडून या विषयावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न रुथेनियम आणि तांबे या दोन्ही धातूंचे थर असलेल्या एका ऑक्साइडाभोवती, म्हणजे ‘रु-१२१२’ भोवती (नावाचा अर्थ प्रश्न ३ मध्ये), फिरतात, त्यामुळे उत्तरेही त्यालाच धरून आहेत. ठरावीक तापमानाखाली विजेला होणारा रोध शून्य होण्याच्या गुणासाठी मराठी विश्वकोशातील ‘अतिसंवाहकता’ हा शब्द येथे घेतला आहे. काही जण ‘अतिवाहकता’ लिहितात, अर्थ एकच. तापमाने केल्विनमध्ये आहेत. ० केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस.

१. अतिसंवाहकता आणि चुंबकत्व यांचे पटत नाही, असे का म्हणतात?

त्यांचे दोन निरनिराळ्या कारणांनी बिनसते, आणि ही कारणे वेगवेगळी ओळखता आली तरच पुढची उत्तरे नीट लागतील. पहिले कारण क्षेत्राचे. अतिसंवाहक पदार्थ आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर काढतो. माइस्नर आणि ऑक्सनफेल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवलेला हा परिणाम आहे. क्षेत्र ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ते बाहेर ठेवणे ऊर्जेच्या हिशेबाने परवडत नाही आणि अतिसंवाहकता मोडते. लोहचुंबक तर असे क्षेत्र स्वतःच्या पोटातच बाळगून असतो, आणि ते क्षेत्र अतिसंवाहकतेला सोसवणार नाही, हा मुद्दा गिन्झबुर्ग यांनी १९५६ मध्ये मांडला.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. नेहमीच्या अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात आणि या ‘कूपर जोडी’तील दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाचे अंगभूत सूक्ष्म चुंबकपण) एकमेकांविरुद्ध असतात. लोहचुंबकातील शेजारच्या स्पिनांमधले ‘विनिमय बल’ मात्र सगळे स्पिन एका दिशेला वळवू पाहते. एकाला जोडीदार उलट हवा आणि दुसऱ्याला सुलट. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. थरांच्या ऑक्साइडांची मौज अशी की त्यांच्यात म्यानेच दोन असतात (प्रश्न ४).

२. गॅडोलिनियम एका अतिसंवाहकाला मारक आणि दुसऱ्याला निरुपद्रवी, हे कसे?

१९५८ मध्ये मॅथायस, सूल आणि कोरेन्झविट यांनी लँथॅनम धातूत दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये थोड्या प्रमाणात मिसळून पाहिली. लँथॅनम साडेपाच-सहा केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होते. त्यात सुमारे एक टक्का गॅडोलिनियम मिसळले, तरी अतिसंवाहकता जवळजवळ नाहीशी होते. गॅडोलिनियमच्या आयनावर सात अयुग्म इलेक्ट्रॉन असल्यामुळे त्याचे चुंबकीय परिबल (अणूच्या चुंबकपणाचे माप) मोठे असते आणि लँथॅनममधले वाहक इलेक्ट्रॉन थेट त्याच्याशी भिडतात.

आता १९८७ कडे या. यट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड ९२ केल्विनला अतिसंवाहक होते, हे नुकतेच कळले होते. त्यातील यट्रियम पूर्णपणे काढून त्या जागी शंभर टक्के गॅडोलिनियम बसवले, तरी क्रांतिक तापमान (ज्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते) ९२ केल्विनच्या आसपासच राहिले. पुढे २.२ केल्विनला गॅडोलिनियमची परिबले प्रतिलोहचुंबकी, म्हणजे शेजारी एकमेकांविरुद्ध असलेल्या, रचनेत लागतात, तरीही अतिसंवाहकता चालूच राहते. येथे वीज वाहते ती तांबे-ऑक्सिजनच्या प्रतलांत, आणि गॅडोलिनियमचे चुंबकी इलेक्ट्रॉन आयनाच्या आतल्या कवचात, त्या प्रतलांपासून अलग बसलेले असतात. मूलद्रव्य तेच, एक टक्क्याने घात करणारे आणि शंभर टक्के असूनही गप्प राहणारे. कोणत्या मूलद्रव्यात किती चुंबकत्व आहे यापेक्षा वाहक इलेक्ट्रॉनांना ते किती ‘दिसते’, हे महत्त्वाचे. अपवाद प्रेझिओडिमियमचा: त्याचे आतले इलेक्ट्रॉन शेजारच्या ऑक्सिजनमध्ये मिसळतात आणि त्याच रचनेतील त्याचे संयुग सामान्यतः अतिसंवाहक होत नाही.

३. ‘रु-१२१२’ हे नाव कसले? त्यातले आकडे काय सांगतात?

रुथेनियम १, स्ट्रॉन्शियम २, गॅडोलिनियम १, तांबे २ आणि ऑक्सिजन ८ असे या संयुगाचे सूत्र आहे. धातूंचे आकडे ओळीने वाचले की १२१२ मिळते. ऑक्सिजन नावात धरत नाहीत. बाउअर्नफाइंट, विडर आणि ब्राउन यांनी जर्मनीतील बायरॉइट विद्यापीठात हे कुटुंब तयार केले आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. चुलतभाऊ रु-१२२२ विषयी प्रश्न १२ पाहा.

४. या पदार्थात कोणता गुण कोणत्या थरात राहतो?

यट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडची रचना डोळ्यांसमोर असेल, तर उत्तर सोपे आहे. यट्रियमच्या जागी गॅडोलिनियम आणि बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवावे, आणि मूळ पदार्थात तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या असतात त्या थराच्या जागी रुथेनियम-ऑक्सिजनचे अख्खे प्रतल बसवावे. साखळीत प्रत्येक धातू-अणूमागे एक ऑक्सिजन असतो आणि प्रतलात दोन. म्हणून मूळ सूत्रातील ऑक्सिजनचे ७ येथे ८ होतात.

स्फटिकाचा एकक कोष पायाशी सुमारे ०.३८ नॅनोमीटर रुंद आणि सुमारे १.१६ नॅनोमीटर उंच आहे. उंचीच्या दिशेने वर चढत गेल्यास आधी रुथेनियमचे प्रतल, मग स्ट्रॉन्शियम-ऑक्सिजनचा थर, त्यावर तांबे-ऑक्सिजनचे प्रतल, मग गॅडोलिनियम, पुन्हा तांब्याचे प्रतल, पुन्हा स्ट्रॉन्शियम आणि शेवटी पुढचे रुथेनियम भेटते. चाळीत मजल्यागणिक बिऱ्हाड बदलावे तसे. रुथेनियमच्या मजल्यावरचे चुंबकत्व सुमारे १३३ केल्विनला सुरू होते, तर तांब्याच्या मजल्यावरची अतिसंवाहकता त्याहून पुष्कळ खाली, नमुन्यानुसार १६ ते ४६ केल्विनच्या दरम्यान. गॅडोलिनियम सगळ्यांत शेवटी, २.५ केल्विनला, आपल्यापुरते प्रतिलोहचुंबकी होते.

अतिसंवाहकता खरोखर तांब्याच्याच प्रतलात आहे, याची सोपी परीक्षा जस्ताची: तांब्याच्या काही टक्के जागी जस्त घातले की अतिसंवाहकता जाते, रुथेनियमचे चुंबकत्व मात्र राहते.

५. रुथेनियम स्वतः काही देते की नुसते शेजारी बसते?

देते, आणि ते देणे शालेय बेरजेने दाखवता येते. ऑक्सिजनचे ८ अणू एकूण १६ ऋण प्रभार घेऊन बसतात. रुथेनियम पंचसंयुजी धरले, तर त्याचे ५, दोन स्ट्रॉन्शियमचे ४ आणि गॅडोलिनियमचे ३ मिळून १२ होतात. उरलेले ४ दोन तांब्यांत वाटले की प्रत्येकाला नेमके २ येतात. प्रत्येक तांबे नेमके द्विसंयुजी असलेले प्रतल विसंवाहक प्रतिलोहचुंबक असते. त्यात अतिसंवाहकता नाही. म्हणजे रुथेनियमचा काही भाग चतुःसंयुजी असलाच पाहिजे. तो जितका असेल, तितके इलेक्ट्रॉन तांब्याच्या प्रतलातून काढले जातात आणि तेथे ‘होल’, म्हणजे रिक्त जागा, तयार होतात. क्ष-किरण शोषण आणि अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन या दोन्ही पद्धतींनी चतुःसंयुजी आणि पंचसंयुजी अशा दोन्ही रुथेनियमची मोठी मात्रा दिसते.

हिशेबाची तोंडमिळवणी मात्र पूर्ण होत नाही. संयुजांवरून काढलेली होलांची संख्या मोठी येते, तर विद्युत मापनांवरून ती प्रत्येक तांब्यामागे ०.०७ च्या आसपास, म्हणजे अपुऱ्या प्रमाणात होल असलेल्या पदार्थासारखी दिसते. काही होल रुथेनियमच्याच प्रतलात अडकून राहत असावेत, असा याचा सरळ अर्थ मला वाटतो.

६. चुंबक ०.४ नॅनोमीटरवर असताना कूपर जोड्या तुटत कशा नाहीत?

तांब्याचे प्रतल रुथेनियमच्या प्रतलापासून ०.४ नॅनोमीटरवर आहे, त्यामुळे ही शंका रास्तच आहे. १९९९ मध्ये पिकेट, वेह्ट आणि शिक यांनी इलेक्ट्रॉनी रचनेची गणिते करून याचे उत्तर शोधले. तांब्याचे वाहक इलेक्ट्रॉन ज्या कक्षकात (अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनाच्या वावराच्या जागेत) असतात, त्याच्या पाकळ्या प्रतलातच पसरलेल्या असतात. वर, रुथेनियमकडे, त्या जवळजवळ पोहोचत नाहीत. रुथेनियमचे चुंबकी इलेक्ट्रॉनही अशा कक्षकांत असतात ज्यांच्या पाकळ्या ऑक्सिजनकडे रोखलेल्या नसून दोन ऑक्सिजनांच्या मधून जातात. दोन्ही प्रतलांना जोडणारा शिखरावरचा ऑक्सिजन असतो, पण सममितीमुळे त्याच्यामार्फत फारसा निरोप जात नाही. त्यामुळे विनिमय बलाची बाधा अतिसंवाहकता टिकू शकेल इतपतच राहते.

हे झाले प्रश्न १ मधील दुसऱ्या कारणाचे उत्तर. पहिले कारण, म्हणजे प्रत्यक्ष चुंबकीय क्षेत्राचे, यावर कक्षकांचा काही उपाय नाही. क्षेत्र सगळीकडे पोहोचते. त्यासाठी पुढचे दोन प्रश्न पाहा.

७. पुस्तकात रु-१२१२ ‘लोहचुंबकी अतिसंवाहक’ असे लिहिले आहे, दुसरीकडे प्रतिलोहचुंबक म्हटले आहे. खरे कोणते?

या विषयात सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नावर झाला, म्हणून थोडे तपशिलाने.

१९९९ मध्ये बर्नहार्ड, टॅलन, नीडरमायर आणि सहकाऱ्यांनी म्यूऑन (इलेक्ट्रॉनासारखा पण जड, अल्पायुषी कण; प्रश्न ९) व चुंबकन मापनांवरून १३३ केल्विनला लोहचुंबकी क्रम येतो आणि १६ केल्विनला त्याच पदार्थात अतिसंवाहकता येते, असे जाहीर केले. चुंबकनाचा आलेख पाहिल्यास कोणीही हाच निष्कर्ष काढील: १३३ केल्विनच्या खाली चुंबकन झपाट्याने चढते, आणि क्षेत्र काढून घेतले तरी काही भाग मागे उरतो.

पुढच्याच वर्षी लिन, काइमर आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन विवर्तनाने पाहिले. नैसर्गिक गॅडोलिनियम न्यूट्रॉन इतक्या प्रमाणात शोषते की असा नमुना न्यूट्रॉनांच्या दृष्टीने जवळपास काळा पडदाच असतो. म्हणून गॅडोलिनियम-१६० हा न शोषणारा समस्थानिक वापरून नमुना मुद्दाम तयार करावा लागला. शेजारच्या रुथेनियम अणूंची परिबले तिन्ही दिशांनी एकाआड एक उलट आहेत, प्रत्येकाचे परिबल सुमारे १.१८ बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या परिबलाचे एकक) आहे आणि ती मुख्यतः स्फटिकाच्या उभ्या अक्षाला धरून आहेत, असे निघाले. म्हणजे मूळ क्रम प्रतिलोहचुंबकी. लोहचुंबकी भाग असलाच, तर तो ०.१ बोर मॅग्नेटॉनच्या आत.

दोन्ही मापने खरी आहेत. रुथेनियमभोवतीचे ऑक्सिजनचे अष्टफलक उभ्या अक्षाभोवती सुमारे १४ अंशांनी वळलेले आणि किंचित कललेलेही असतात. अशा वाकड्या शेजारात उलटसुलट परिबले तंतोतंत उलट न राहता जराशी एका बाजूला झुकतात, आणि त्या झुकावातून अल्प निव्वळ चुंबकन शिल्लक राहते. याला ‘दुर्बल लोहचुंबकत्व’ म्हणतात, आणि माझ्या मते रु-१२१२ साठी हाच शब्द वापरावा. ‘लोहचुंबकी अतिसंवाहक’ हा मथळा भुरळ घालतो, पण तो वाचून लोखंडासारखे चुंबकत्व मनात आणणाऱ्याची फसगत होते.

८. बाहेर क्षेत्र नसताना पदार्थाच्या आत किती क्षेत्र असते? त्याचे अतिसंवाहकता काय करते?

एकक कोषाचे घनफळ सुमारे ०.१७ घन नॅनोमीटर आहे. प्रत्येक कोषात एक बोर मॅग्नेटॉन पूर्णपणे एका दिशेला असता, तर आतील क्षेत्र सुमारे ६८० गाउस झाले असते. न्यूट्रॉनांनी घातलेली ०.१ बोर मॅग्नेटॉनची मर्यादा घेतली तर ते ७० गाउसच्या आसपास येते. पृथ्वीचे क्षेत्र साधारण अर्धा गाउस असते, हे लक्षात घेतले म्हणजे ७० गाउसही थोडे नाहीत, हे पटेल.

तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता दुसऱ्या प्रकारची असते. क्षेत्र खालच्या क्रांतिक मर्यादेपेक्षा कमी असेल तर ते पूर्ण बाहेर काढले जाते; त्याहून जास्त झाले की क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरते, पण अतिसंवाहकता टिकून राहते. आता आतलेच क्षेत्र या मर्यादेहून मोठे असेल, तर बाहेर काहीही न लावता भोवरे आपोआप तयार होतील. सोनिन आणि फेल्नर यांनी १९९८ मध्ये दुर्बल लोहचुंबकासाठी ही ‘स्वयंभू भोवऱ्यांची अवस्था’ मांडली. खालची मर्यादा क्रांतिक तापमानापाशी शून्य असते आणि तापमान उतरेल तशी वाढते. त्यामुळे एकाच नमुन्यात क्रांतिक तापमानाच्या लगेच खाली भोवऱ्यांची अवस्था आणि आणखी थंड केल्यावर खरी माइस्नर अवस्था, असा दुहेरी प्रवास शक्य असतो.

९. माझ्या नमुन्यात चुंबकत्वही दिसते आणि रोधही शून्य होतो. मग सहअस्तित्व सिद्ध झाले ना?

नाही. एवढ्यावरून फक्त इतके सिद्ध होते की नमुन्याच्या त्या गोळीत कोठेतरी चुंबकी पदार्थ आहे आणि अतिसंवाहकाचा एक अखंड रस्ता आहे. दोन्ही एकाच स्फटिकात आहेत की पोह्यांतल्या शेंगदाण्यांसारखे वेगवेगळे, हे त्यावरून कळत नाही.

यासाठी म्यूऑन उपयोगी पडतात. म्यूऑन पदार्थात जाऊन एका जागी थांबतो, सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो आणि तेवढ्या वेळात आपल्या अगदी जवळच्या क्षेत्राभोवती त्याचा स्पिन फिरतो. चुंबकी भाग अशुद्धीपुरता असता, तर थोड्याच म्यूऑनांना ते क्षेत्र जाणवले असते. रु-१२१२ मध्ये नमुन्याच्या बहुतांश घनफळातील म्यूऑनांना ते जाणवते, आणि अतिसंवाहकता आल्यावर चुंबकी क्रम क्षीणही होत नाही. दुसऱ्या बाजूने, अतिसंवाहकता घनफळभर आहे का, हे विशिष्ट उष्णतेतील उडीवरून तपासतात. टॅलन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अशी उडी नोंदवली. वाद संपला असे मात्र नाही (प्रश्न १०).

१०. ‘रु-१२१२ मध्ये माइस्नर परिणामच नाही’ असे वाचले. मग तो अतिसंवाहक कसा?

ह्यूस्टनमधील पॉल चू यांच्या गटाने २००० मध्ये असा दावा केला की क्षेत्रात थंड केलेल्या नमुन्यातून क्षेत्र बाहेर पडल्याचे दिसत नाही, म्हणून घनफळव्यापी माइस्नर अवस्था येथे नाही. बर्नहार्ड यांच्या गटाने आपल्या नमुन्यांत ती कमी तापमानाला दिसते, असे त्याच वर्षी मांडले.

क्षेत्र बाहेर न पडण्याची कारणे अनेक असू शकतात. स्वयंभू भोवरे (प्रश्न ८) हे एक. कणांचा आकार क्षेत्र जितक्या खोलीपर्यंत आत झिरपते त्याच्या जवळपास असेल, तर कण पूर्ण अतिसंवाहक असूनही बाहेर ढकलण्याजोगे क्षेत्र फारसे उरत नाही, हे दुसरे. ह्यूस्टनच्या गटाचा कल तिसऱ्या स्पष्टीकरणाकडे होता: प्रत्येक स्फटिककणाच्या आतच प्रतिलोहचुंबकी पट्टे आणि त्यांना विभागणाऱ्या लोहचुंबकी सीमा असतात, आणि अतिसंवाहक तुकडे त्या सीमांवरून सैलपणे एकमेकांशी जोडलेले असतात. माझ्या समजुतीने दोन्ही गटांची मापने बरोबर होती, नमुने मात्र एक नव्हते.

११. प्रत्येक शोधनिबंधात क्रांतिक तापमान वेगळे का? काही नमुने तर अतिसंवाहक होतच नाहीत.

भट्टीत काय घडते ते पाहिले की याचे आश्चर्य वाटत नाही. रुथेनियम ऑक्साइड, स्ट्रॉन्शियम कार्बोनेट, गॅडोलिनियम ऑक्साइड आणि तांब्याचे ऑक्साइड खलात एकजीव करून ९६० अंश सेल्सिअसला भाजतात. मग लगेच ऑक्सिजनमध्ये तापवले, तर स्ट्रॉन्शियम आणि रुथेनियम परस्पर जमवून घेतात आणि स्ट्रॉन्शियम रुथेनेट तयार होते. थंड करताना ते स्वतःच १६० केल्विनच्या आसपास लोहचुंबक होते! म्हणून मधला टप्पा नायट्रोजनच्या प्रवाहात, सुमारे १०१० अंशांना करतात. तेथे वेगळेच मध्यस्थ संयुग बनते आणि ही पीडा टळते. शेवटी १०५० ते १०६० अंशांना ऑक्सिजनमध्ये दिवसचे दिवस, कित्येकदा आठवडाभर, गोळी ठेवावी लागते. या शेवटच्या भाजणीत मोजलेले ऑक्सिजन प्रमाण फारसे बदलत नाही. सुधारतो तो अणूंचा क्रम. तांबे-रुथेनियमची अदलाबदल किती झाली आणि कणांच्या सीमा किती चांगल्या जुळल्या, यावर क्रांतिक तापमान अवलंबून राहते.

विद्यार्थिदशेत माझी पहिली गोळी मी घाईने, नायट्रोजनचा टप्पा गाळून केली होती. चुंबकनाचा आलेख १६० केल्विनच्या वरच डौलात चढू लागला तेव्हा दोन दिवस मी ‘नवा विक्रम’ झाल्याच्या आनंदात होतो. क्ष-किरण विवर्तनात स्ट्रॉन्शियम रुथेनेटची रेषा मुख्य शिखराच्या कुशीत जेमतेम दिसत होती; चुंबकमापीला मात्र तेवढे पुरेसे होते. विवर्तनात ‘शुद्ध’ ठरलेला नमुना चुंबकीय दृष्टीने शुद्ध असेलच असे नाही.

१२. रु-१२२२ वेगळे कसे?

त्यात दोन तांबे-प्रतलांमध्ये एकट्या गॅडोलिनियमऐवजी गॅडोलिनियम किंवा युरोपियम आणि सेरियम यांचा दुहेरी ऑक्साइड थर असतो. त्यामुळे लागोपाठच्या गठ्ठ्यांची जागा अर्ध्या कर्णाने सरकते आणि एकक कोष सुमारे २.८५ नॅनोमीटर उंच होतो. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील फेल्नर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याच पदार्थात सहअस्तित्व प्रथम ठळकपणे मांडले: युरोपियमच्या नमुन्यात चुंबकत्व १२२ आणि अतिसंवाहकता ३२ केल्विनला, गॅडोलिनियमच्या नमुन्यात अनुक्रमे १८० आणि ४२ केल्विनला. सेरियमचे प्रमाण बदलून होलांची संख्या बदलता येते, ही त्याची सोय. चुंबकत्व मात्र जास्त गुंतागुंतीचे आहे. एकाहून अधिक संक्रमणे दिसतात आणि काही गटांना स्पिन-काचेसारखी (स्पिन अस्ताव्यस्त दिशांना गोठल्यासारखी) वागणूक आढळली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत या दोन्ही संयुगांवर बरेच काम झाले आहे.

१३. चुंबकमापीतून ३० केल्विनखाली विचित्र शिखरे आणि उलट्या उड्या येतात. हे नवे भौतिक आहे का?

आधी यंत्राकडे पाहावे. स्क्विड (अतिसंवाहक वलयावर चालणाऱ्या अतिसंवेदी) चुंबकमापीत नमुना काही सेंटिमीटर वर-खाली सरकवून परिबल काढतात, आणि सरकताना ते स्थिर आहे असे गृहीत धरतात. चुंबकाचे क्षेत्र त्या अंतरात किंचित असमान असते. साध्या पदार्थाला त्याचे काही वाटत नाही. पण क्रांतिक तापमानाजवळचा, शिवाय चुंबकीही असलेला नमुना सरकता सरकताच आपले चुंबकन बदलतो. मग यंत्र संकेताला चुकीचा साचा बसवते आणि कागदावर चिन्हासकट खोटा आकडा उमटतो. सरकवण्याचे अंतर कमी करून पाहावे, मूळ संकेत डोळ्यांनी तपासावा आणि ‘शून्य’ क्षेत्र खरेच किती आहे ते मोजावे.

दुसरी अडचण गॅडोलिनियमची. त्याचे परिबल ७ बोर मॅग्नेटॉन असल्याने थंडीत त्याचा समचुंबकी संकेत चढत जातो आणि अतिसंवाहकतेची घसरण झाकून टाकतो. युरोपियमचे नमुने यामुळेच आवडते आहेत. त्रिसंयुजी युरोपियमच्या मूळ अवस्थेला परिबल नसते.

१४. याने चुंबक हवेत तरंगेल का? व्यवहारात काय उपयोग?

तरंगण्याच्या प्रयोगासाठी नेहमीचे यट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइडच घ्यावे. ते द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला चालते, रु-१२१२ चालत नाही. त्याचा व्यावहारिक उपयोग आज नाही. रुथेनियम महाग आहे, आणि तापवताना त्यातून बाहेर पडू शकणारे बाष्पशील ऑक्साइड विषारी असते, त्यामुळे धूर खेचणारी व्यवस्था नसलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा पदार्थ करू नये.

१५. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकत्र दिसलेला हा पहिलाच पदार्थ का?

नाही. १९७७ मध्ये अर्बियम-ऱ्होडियम बोराइड ८.७ केल्विनला अतिसंवाहक होते आणि सुमारे ०.९ केल्विनला लोहचुंबकत्व येताच पुन्हा साधे होते, असे आढळले. तेथे सहवास नव्हता, एक आला की दुसरा जात असे. रु-१२१२ चे वेगळेपण क्रमात आहे: चुंबकत्व आधी, पुष्कळ वरच्या तापमानाला येते, आणि त्याच्या पोटात अतिसंवाहकता जन्म घेते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण मुंबईचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नागराजन आणि सहकाऱ्यांना यट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या संयुगात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचाही सहभाग होता. हे बोरोकार्बाइड ऑक्साइड नाहीत, पण थरांचेच आहेत. त्यांच्यातील अर्बियमचे संयुग सुमारे ११ केल्विनला अतिसंवाहक, ६ केल्विनला प्रतिलोहचुंबक आणि २.३ केल्विनच्या खाली दुर्बल लोहचुंबक होते. स्वभावाने रु-१२१२ च्या सर्वांत जवळ मला हेच वाटते.

१६. सगळ्याच तांबे-ऑक्साइडांत चुंबकत्व असते ना? मग वेगळे काय?

लँथॅनम-तांबे ऑक्साइड ३२५ केल्विनच्या आसपास प्रतिलोहचुंबक होते आणि होल घालत गेले की त्यातून अतिसंवाहकता निघते, हे खरे. पण तेथे दोन्ही गुण तांब्याच्याच प्रतलासाठी झगडतात. काही संयुगांत होलांचे आणि स्पिनांचे पट्टे पडतात आणि होलांचे प्रमाण एक-अष्टमांशाजवळ आले की क्रांतिक तापमान कोसळते. रु-१२१२ मध्ये जागाच वेगळ्या असल्याने हा झगडा मंदावतो. सहअस्तित्वाची बातमी वाचताना ‘तेच इलेक्ट्रॉन की शेजारचे?’ हा प्रश्न आधी विचारावा. युरेनियम-जर्मेनियम संयुगात २००० मध्ये दाबाखाली सापडलेले सहअस्तित्व हे ‘तेच इलेक्ट्रॉन’ या वर्गातले, आणि तेथे क्रांतिक तापमान १ केल्विनच्याही खाली आहे.

१७. असे थर माणसाला हाताने रचता येतात का?

येतात. यट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड आणि लँथॅनम-कॅल्शियम मँगॅनाइट यांचे काही नॅनोमीटरचे पापुद्रे एकावर एक चढवतात. दुसरे खरेखुरे, सबळ लोहचुंबक आहे. २००६ मध्ये अशा रचनेत सीमेवरच्या तांब्यालाही परिबल आल्याचे क्ष-किरणांनी दिसले. म्हणजे शेजार अगदी निर्लेप नसतो. लँथॅनम ॲल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटॅनेट यांच्या सीमेवरची गोष्ट आणखी अवघड: दोन्ही विसंवाहक, पण सीमा ०.२ केल्विनजवळ अतिसंवाहक, आणि २०११ मध्ये तेथे चुंबकत्वाच्या खुणाही नोंदल्या गेल्या. सूक्ष्मदर्शी मापनात त्या एकसलग नसून विखुरलेल्या ठिपक्यांसारख्या दिसल्या, त्यामुळे प्रश्न ९ ची कसोटी तेथे अधिकच कडकपणे लावावी लागते.

१८. स्ट्रॉन्शियम रुथेनेटचा एक प्रकार अतिसंवाहक आहे. मग रु-१२१२ मधली अतिसंवाहकता रुथेनियमच्या थरात नसेल कशावरून?

येथे दोन नावे सारखी असल्याने घोळ होतो. प्रश्न ११ मधील लोहचुंबकी रुथेनेटात स्ट्रॉन्शियम आणि रुथेनियम एकास एक असतात. माएनो आणि सहकाऱ्यांना १९९४ मध्ये अतिसंवाहक सापडले त्या थरांच्या रुथेनेटात ते दोनास एक असतात. दुसऱ्याचे क्रांतिक तापमान उत्तम स्फटिकातही १.५ केल्विन आहे आणि किंचित अशुद्धीनेही ते नाहीसे होते. त्यात जोडीतील दोन्ही स्पिन समांतर असतात, असे दोन दशके मानले जात होते. तसे असते तर चुंबकत्वाशी त्याचे जमणे सोपे झाले असते. २०१९ मध्ये अनुस्पंदनाची मापने नमुना तापणार नाही अशी काळजी घेऊन पुन्हा केली गेली आणि तो आधार निसटला. रु-१२१२ मध्ये रुथेनियमचा थर सुमारे १३३ केल्विनपासूनच चुंबकी क्रमात बांधलेला असतो, अतिसंवाहकता त्या रुथेनेटाच्या १.५ केल्विनच्या मानाने दहा ते तीसपट वरच्या तापमानाला येते आणि जस्ताच्या परीक्षेत (प्रश्न ४) तांब्याला हात लावताच ती जाते. त्यामुळे तिचे घर रुथेनियमच्या थरात शोधण्याचे कारण उरत नाही.